दाजी भांडी आणायला गेलेत

दिलेली वस्तू परत मागायला आमच्या दाजींइतका नालायक माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही, आणि नेमकं तेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जिंतूरला मंडप आणि भांडी भाड्यानं देणारं एक दुकान आहे. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, पातेली, पराती, डेगा, सतरंज्या, खुर्च्या तिथून जातात. गेलेल्या वस्तू घरोघर जाऊन परत आणायच्या हे दाजींचं काम, आणि आलेली भांडी मागच्या अंगणात घासायची हे माझं. मला हे काम दाजींनीच लावून दिलं. "हिला चार मान्सात बोलता येत न्हाई," त्यांनी दुकानाच्या मालकांना सांगितलं, "पण भांड्यासंगं बोलावं लागत न्हाई." ते खरंच होतं, म्हणून मला वाईट वाटलं नाही.

दुकानात कुणी विचारलं की दाजी कुठं आहेत, तर "भांडी आणायला गेलेत" एवढंच उत्तर मिळायचं. ते सकाळी दिलं तरी संध्याकाळपर्यंत पुरायचं. निघताना दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, केसांना पाणी लावायचे, खिशाला पेन अडकवायचे. त्या पेनात शाई कधीच नव्हती. हातात पिशवी, आणि पिशवीत चपलांचा एक जादा जोड. कार्याच्या घरी चपला बदलतात असा त्यांचा अनुभव. एकदा सोनपेठकडच्या एका लग्नघरातून ते दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून आले, त्याही दोन वेगळ्या माणसांच्या. दुसरा कुणी असता तर नव्या घेऊन मोकळा झाला असता. दाजी मात्र त्या दोघांचा शोध घेत फिरले, दोघंही सापडले, आणि त्यातल्या एकाच्या पोरीसाठी स्थळ बघून दिलं. भांडी तेवढी राहिली. ती पुढं टेम्पो पाठवून आणावी लागली.

चहाला ते कुणाच्याच घरी नाही म्हणायचे नाहीत. डॉक्टरनं साखर बंद केली होती, म्हणून अक्का चिडायची. दाजी तिला शांतपणे समजावून सांगायचे, "मयताच्या घरचा चहा नाकारू न्हाई, अन् लग्नाच्या घरचा तर नाकारूच न्हाई."

"मंग नाकारायचा कोनता?" अक्का विचारायची.

"आपल्या घरचा," दाजी म्हणायचे, आणि अक्कानं केलेला बिनसाखरेचा कप हळूच बाजूला सारायचे.

फोनवर तर विचारू नका. आवाजावरून अंदाज बांधून ते कुणाला राम राम, कुणाला जयभीम, कुणाला सलाम घालायचे, आणि पुष्कळदा चुकायचे. चुकलं की समोरचा हसायचा आणि मग बोलणं संपायचंच नाही. पाऊस झाला का, सोयाबीनला शेंगा कशा आहेत, धाकट्याचं नोकरीचं काय झालं. शेजारी बसलेले मालक खुणा करून करून थकायचे. शेवटी म्हणायचे, "अवो, भांड्याचं विचारा की." दाजी फोनवर हात ठेवून म्हणायचे, "विचारायलोच की मालक. आधी तेच्या म्हशीचं तर होऊ द्या." म्हशीचं झाल्यावर ते फोन ठेवून द्यायचे. मालक कपाळाला हात लावायचे, पण काढून टाकायचे नाहीत. मालकांच्या वडिलांच्या मयताला तीन दिवस त्यांच्या दारात बसून राहिलेला माणूस दाजीच होते.

मालकांच्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई पुण्याहून आल्या. कॉम्प्युटरचं शिकलेल्या, घरी बसून कुठल्या तरी कंपनीचं काम करायच्या. बोलायला गोड. मी घासत असले की मागच्या दारात येऊन "मावशी, पाणी फार गार आहे का हो?" असं विचारायच्या. त्यांनी दुकानाचा सगळा घोळ पाहिला आणि म्हणाल्या, आपण यासाठी एक एजंट लावू. दाजींना एजंट म्हणजे प्लॉटचा नाहीतर गाडीच्या लायसनचा. त्यांनी विचारलं, "कमिशन काय घेतो?"

"काहीच नाही काका. तो माणूस नाही, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम आहे. तो फोन उचलेल, तारीख लिहून घेईल, भांडी मोकळी आहेत का बघेल, टेम्पोवाल्याला निरोप देईल. पत्रावळी संपत आल्या तर व्यापाऱ्याकडे आपणहून मागवेल. आणि कार्यक्रम झाला की भांडी परत मागेल."

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "फुकटात राबनारा एजंट लय महागात पडतो बाई," ते म्हणाले. सूनबाई हसल्या, आम्हीही हसलो.

त्या एजंटाचा आवाज बाईमाणसाचा होता, म्हणून दाजी त्याला बाई म्हणू लागले. सकाळी दुकानात आले की आधी त्या फोनशी जाऊन विचारायचे, "चहा झाला का बाई?" बाई म्हणायची, "मी चहा घेत नाही. तुमचा झाला का?" दाजी आमच्याकडं वळून म्हणायचे, "बघा. विचारती तरी. तुमच्यातलं कोन विचारतंय?"

पहिल्याच आठवड्यात बाईनं घोळ केला. तेराव्याला भांडी नेलेल्या एका घरी तिनं गोड आवाजात सांगितलं, "आम्हाला सेवेची संधी पुन्हा द्यावी." त्या घरचा कर्ता पुरुष दुकानात येऊन मालकांना नको ते बोलला. दाजी त्याच्या मागोमाग त्याच्या घरी गेले, ओट्यावर दिवसभर बसले, आणि संध्याकाळी त्याच माणसानं त्यांना गाडीवर आणून सोडलं. मग सूनबाईंनी दाजींना समोर बसवलं. "काका, तुम्ही कसं मागता ते सगळं सांगा. मी तिला शिकवते."

दाजी सांगत गेले आणि सूनबाई टाइप करत गेल्या. मयताच्या घरी आपणहून विषय काढायचा नाही. तेरावं होऊ द्यायचं, पुण्यानुमोदन होऊ द्यायचं, लांबचे पाहुणे गेले की मग बोलायचं. लग्नघरी पोरगी सासरी गेली त्या दिवशी फोन करायचा नाही, आईचं मन ठिकाणावर नसतं. भांडी पाहिजेत असं म्हणायचं नाही, भांडी मोकळी झाली का असं म्हणायचं. मी घासता घासता ऐकत होते. मागायला हा माणूस नालायक होता, पण न मागण्याच्या इतक्या तऱ्हा त्याच्याकडं असतील असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवसांत दाजींचा रुबाब काय सांगावा. बसस्टँडवर कुणीही भेटलं की, "माझ्या हाताखाली एक बाई हाय. शब्द खाली पडू देत न्हाई." घरी अक्का ऐकत नव्हती, पोरं ऐकत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं सगळं ऐकत होतं.

बाई खरंच चांगली निघाली. तिच्या नावानं उगीच वाईट लिहिणार नाही. भांडी वेळेवर येऊ लागली. पूर्वी महिनामहिना कुणाच्या माळ्यावर पडलेली पातेली कार्यक्रमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं यायची, खरकटं अजून ओलं असायचं, घासायला सोपं जायचं. मालकांची झोप वाढली. ते दाजींना म्हणाले, "बसा दाजी, लय फिरलात. आता आराम करा." पगार थोडा कमी केला, पण खुर्ची ठेवली.

दाजी त्या खुर्चीवर बसून राहिले. ते कशाची वाट बघत होते ते मला ठाऊक होतं. कुणीतरी दुकानात यावं आणि म्हणावं, ते तुमचं यंत्र राहू द्या, आमच्याकडं दाजींना पाठवा. एक-दोघं म्हणालेही, पण म्हणायचं म्हणून. एकदा पुढच्या गल्लीतला एकजण खुर्च्या सांगायला आला आणि मालकांना म्हणाला, "हे बेस केलं बगा. मेसेज येतो, आपन टेम्पोत भांडी टाकून देतो. न्हाईतर दाजी यायचे अन् दोन-दोन तास उठायचे न्हाईत, सगळा खोळंबा." दाजी तिथंच बसलेले होते. त्या माणसाच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळला. दाजी मोठ्यानं हसले. "खरंय की. उठायचं ध्यानातच राहत नव्हतं." मग ते मागं अंगणात आले आणि मी घासून पालथ्या घातलेल्या पराती काही कारण नसताना सरळ करत बसले.

त्यानंतर तो बुंदीचा झारा आला, म्हणजे आला नाही, म्हणूनच सांगायचं. चारठाण्याच्या एक म्हाताऱ्या काकू दरवर्षी आपल्या नवऱ्याच्या श्राद्धाला आमच्याकडून भांडी न्यायच्या. त्या वर्षी सगळी भांडी आली आणि झारा तेवढा मागं राहिला. बाईनं नम्रपणे विचारलं. काकूंचा नातू शहरात असतो, मेसेज त्याच्या फोनवर जायचा, तो आजीला फोन करायचा. आजी म्हणायची, "ज्याला पायजे त्यानं येऊन न्यावा." शेवटी मालकांनी दाजींना पाठवलं.

हे घर कोणतं, ते सांगायला पाहिजे. दाजी मूळचे चारठाण्याचेच. त्यांचे वडील काकूंच्या सासऱ्याकडं सालानं राबायचे. पाणी पाहिजे असलं की दारापासून लांब उभं राहून ओंजळ धरायचे, वरून पाणी पडायचं. दाजींनी लहानपणी ते पाहिलेलं. त्याबद्दल ते कुणाशी बोलत नाहीत. माझ्याशी एकदाच बोलले, तेही डेग उलटी करून तिच्यावर बसले असताना. "भांडी सैंपाकघरात असत्यात," ते म्हणाले. "आनायला गेलं की आत जावंच लागतंय. बस म्हनावंच लागतंय." एवढंच बोलून ते उठून गेले.

तर इस्त्रीचा शर्ट घालून, पेन लावून दाजी एसटीनं चारठाण्याला गेले. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

"झारा?" मालकांनी विचारलं.

"काकूकडं हाय."

"मंग तुमी गेलते कशाला?"

"झारा आनायला."

"अवो मंग?"

"मागायचं राहूनच गेलं मालक."

अंगणात आल्यावर मला म्हणाले, "काकूला आता नीट दिसत न्हाई गं. माझा आवाज वळखती. बापाचं नाव घेऊन म्हनली, तुझ्या बापाच्या हातची जवारीची रास लय देखनी असायची. अन् स्वतः उठून चहा केला." साखर किती होती ते मी विचारलं नाही.

असे ते आणखी दोनदा गेले. झारा दोन्ही वेळा काकूंकडंच राहिला. मालक समजून चुकले होते, पण अडवत नव्हते. सूनबाईंना मात्र वाईट वाटलं. वयस्क माणूस एका झाऱ्यासाठी उन्हातान्हात एसटीनं हेलपाटे घालतोय. त्यांनी बाईला सांगून तो झारा यादीतून काढून टाकला. काकूंच्या नातवाला मेसेज गेला, झारा आपल्याकडेच ठेवावा. मग सूनबाई मायेनं दाजींना म्हणाल्या, "काका, आता तुम्हाला जायची गरज नाही. तो विषय मी मिटवलाय."

"बरं केलं बाई," दाजी म्हणाले.

त्या दिवशी ते बराच वेळ माझ्याजवळ बसले. मी नळ बंद केला. मला बोलता येत नाही, तरी मी म्हणाले, "दाजी, असंच जा की काकूकडं. भेटायला."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी अजून लहान आहे. "असंच कोन कुनाकडं जातंय गं," ते म्हणाले. "दारात गेल्यावर काय म्हनू, का आलो म्हनून?"

मी नळ परत सोडला.

दिवाळीनंतर दाजींनी दुकानात येणं आपणहून बंद केलं. कुणी काढलं नाही, हे मालक अजून सगळ्यांना सांगतात. दाजी आता घरी असतात. अक्का म्हणते, दिवसभर खाटेवर पडून असतात, चहा बिनसाखरेचा दिला तरी गपचूप पितात. तेच तिला बघवत नाही. मी दोनदा जाऊन आले, पण त्यांच्यासमोर बसलं की माझं तोंड उघडत नाही, आणि आता त्यांचंही उघडत नाही.

मागच्या आठवड्यात अक्कानं पोरीच्या हाती डब्यात पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. डबा माझ्याकडं राहिला. पोर दुसऱ्या दिवशी मागायला आली, तर मी तिला म्हणाले, दाजींना पाठव. काल अक्काचा फोन आला, डब्याशिवाय अडलंय म्हणून. तिलाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "सांगते त्यायला."

डबा घासून फळीवर ठेवलाय. रिकामा परत करू नये म्हणून शेंगदाण्याचे लाडू करून भरले होते. दाजी आले नाहीत, लाडू माझ्या पोरांनी संपवले. आज सकाळी परत शेंगदाणे भाजलेत.