सशाला औषध पाजताना

लग्नाला चार वर्षं होऊन घरात पाळणा हलला नाही, की आजूबाजूची माणसं आपल्याशी बोलताना जरा अडखळायला लागतात. "काय मग?" एवढंच विचारतात आणि नजर खाली पोटाकडे नेतात. अंधेरीला आमच्या बिऱ्हाडासमोर एक काकू राहायच्या, त्यांना अडखळायचीही सवय नव्हती. त्या सरळ डॉक्टरांचे पत्ते द्यायच्या, उपास सांगायच्या आणि सांगून झालं की माझ्या सासूबाईंकडे बघायच्या. सासूबाई काहीच बोलायच्या नाहीत. ना त्यांची बाजू घ्यायच्या, ना माझी. मला ते न बोलणंच सगळ्यात जड जायचं. भांडायला समोरून निदान एक शब्द तरी यावा लागतो, आणि भांडणाची हौस तर मला लहानपणापासूनची.

अशा घरात मी ससा आणला.

मी तेव्हा एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आमच्याकडे इंजेक्शनची बाटली बाजारात जाण्याआधी त्यातलं थोडं औषध सशांना टोचायचे आणि त्यांना ताप चढतो का ते बघायचे. त्यासाठी मागच्या बाजूला सशांची एक मोठी खोली होती. सशाचं वय झालं की त्याला कामावरून काढत. काढून पुढे काय करत हे कोणी विचारायचं नाही, अशी रीत होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिथला राखणदार सहज म्हणाला की एक चांगला तब्येतीचा गडी उद्या निघतोय, कोणाला हवा तर न्या. सगळ्या हसल्या. मी हो म्हणून बसले. विचार नंतर केला, ही माझी जुनीच खोड. संध्याकाळी बाटल्यांच्या खोक्याला भोकं पाडून मी त्याला घरी घेऊन आले. पांढराशुभ्र, लालसर डोळे, आणि कानात निळ्या शाईने गोंदलेला नंबर.

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्या काय हाडलंस गो?" मी ससा म्हणून सांगितलं. त्यांनी खोकं पुन्हा झाकलं आणि भात लावायला गेल्या. नवऱ्याला मात्र आनंद झाला. तो कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात फिटर होता. त्याने त्याच रविवारी फळ्या आणि जाळी आणून गॅलरीत फर्स्टक्लास घर ठोकून दिलं. सशाने त्या घरात पाऊलही टाकलं नाही. तो सासूबाईंच्या खाटेखाली राहायला लागला.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी गॅलरीत, मला ऐकू जाईल अशा बेताने, कोणाला तरी सांगितलं की मूल नाही म्हणून ससा आणलाय. मी आत पोळी लाटत होते. ती पोळी कसली, नकाशाच झाला. खरं सांगायचं तर मी ससा त्यासाठी आणला नव्हता. पण वाक्य एकदा कानात शिरलं की खरं-खोटं कोण बघतो? रात्री तो पायांशी येऊन बसला आणि मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, तर मलाच वाटायला लागलं की हो, त्यासाठीच आणला असेन. आणि तसं वाटायला लागल्यावर माझा त्याच्यावर नको इतका जीव जडला.

पावसाळा सरता सरता तो आजारी पडला. आधी शिंका, मग नाक वाहायला लागलं, मग कोथिंबिरीच्या काड्या पुढे केल्या तरी तोंड फिरवायला लागला. एरवी कोथिंबीर निवडायला घेतली की हा मांडीवर पुढचे पाय ठेवून उभा राहायचा. आता अंग आक्रसून कोपऱ्यात बसून राहिला. आमच्या बाजूला माणसांचे डॉक्टर गल्लोगल्ली, पण जनावरांचा डॉक्टर म्हणजे जोगेश्वरीच्या तबेल्यांत म्हशी तपासायला येणारा. आम्ही सशाला कापडी पिशवीत घालून तिथे गेलो. डॉक्टर गुडघ्याएवढे रबरी बूट घालून शेणात उभे होते. पिशवीतून कान बाहेर आलेले बघून त्यांनी आधी हसून घेतलं. मग मात्र नीट तपासलं. म्हणाले, छाती भरली आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे खाणं थांबलंय. सशाचं पोट थांबलं की ससा फार दिवस काढत नाही. हे औषध सकाळ-संध्याकाळ लहान चमचाभर पोटात गेलंच पाहिजे. गेलं तर जगेल.

पोटात कसं घालायचं, असं मी विचारलं. म्हशीला आपण बांबूच्या नळकांड्याने घालतो, ते म्हणाले, आणि सशाच्या एवढ्याशा तोंडाकडे बघून पुढच्या म्हशीकडे वळले.

औषध पांढरं, दाट आणि गोडसर होतं. मी दिवसभर असल्या बाटल्या खोक्यांत भरायची, त्यामुळे मला वाटलं, त्यात काय एवढं? संध्याकाळी चमचा त्याच्या तोंडाशी नेला. पण या गड्याने उभं आयुष्य औषधांच्या कारखान्यात काढलं होतं. बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज झाला आणि तो खाटेखाली पार भिंतीला जाऊन चिकटला. ओढून काढला तर पुढचे दात असे घट्ट मिटले की चमचा नुसता खडखड वाजला. औषध त्याच्या गळ्यावरून माझ्या साडीवर आलं. मग त्याने मागच्या पायांनी माझ्या पोटात अशी लाथ मारली की एवढ्याशा जिवात हे बळ आलं कुठून, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने फिटरचं डोकं चालवलं. शाई भरायचा ड्रॉपर आणला, सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत धरलं आणि मला म्हणाला, "मार." मी मारलं. सशाने ड्रॉपरचं टोक चावून तोडलं आणि सगळं औषध नाकातून बाहेर शिंकरलं. नवऱ्याच्या चष्म्यावर पांढरे ठिपके. तो म्हणाला, वाट लागली यार, हा आपल्याला आटपणार नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. मी अशीच आहे. रडायचं असलं की ओरडते.

मग मी लबाडी करायचं ठरवलं. गाजर बारीक किसलं, त्यावर औषध ओतलं, नीट कालवलं आणि वाटी ओट्यावर ठेवून त्याला शोधायला गेले. तो कपाटामागे सापडेपर्यंत नवरा पाळीवरून आला, ताट वाढून घेतलं आणि आमटी-भाताबरोबर ती वाटी चाटूनपुसून संपवली. मी सशाला घेऊन आले तेव्हा तो म्हणाला की कोशिंबीर झकास झालीय, फक्त मीठ राहिलंय. दही घातलेल्या कोशिंबिरीसारखंच दिसत होतं ते, त्याचा काही दोष नाही. रात्रभर मी त्याच्या कपाळाला हात लावून बघत होते. त्याला काही झालं नाही. त्याची सर्दी होती तीसुद्धा गेली.

ससा मात्र हातात घेतला की हलका लागायला लागला. पाठीचा कणा बोटांना जाणवायचा. तिसऱ्या सकाळी मी कामावर दांडी मारली आणि चमचा घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसले. तो माझ्याकडे बघेना. मी मनातल्या मनात त्याच्याशी काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. सगळ्यात वर एकच विचार होता, की हा गेला तर काकू गॅलरीत काय म्हणतील. आणि त्याच्या खाली दुसरा, की त्या म्हणतील ते खरं असेल. माझ्या हातून काही जगत नाही, असं मला त्या क्षणी अगदी खरंखुरं वाटलं होतं.

सासूबाई देवपूजा आटपून बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, सशाकडे बघितलं. मग खाटेखालची आपली ट्रंक ओढली, तळाशी हात घालून एक मऊ फडकं काढलं आणि ते सोडलं. आत चांदीचं बोंडलं होतं. तान्ह्या पोराला दूध आणि गुटी पाजायचं, छोट्या चोचीचं. माझा नवरा त्यातूनच गुटी प्यायला होता. सासूबाईंनी ते इतकी वर्षं राखून ठेवलंय आणि कोणासाठी ठेवलंय, हे मला माहीत होतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी दिवाळीला त्यांनी ते मला दाखवलं होतं आणि चिंचेने घासून परत ठेवलं होतं. त्यानंतर कधी बाहेर काढलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, ते नको."

त्यांनी ऐकलंच नाही. भिंतीला टेकून बसल्या, लुगडं आवरलं, दोन्ही पाय लांब केले. पोराला न्हाऊ घालताना बसतात तशा. हात पुढे करून ससा मागितला. मी दिला. त्यांनी त्याला दोन पायांच्या मधल्या खोबणीत पालथं ठेवलं, आपल्या जुन्या पदराने झाकलं आणि डोळ्यांवरून हात फिरवत राहिल्या. औषधाची घाई नाही, काही नाही. ससा आधी ताठ होता. मग कधीतरी त्याची मान खाली आली. औषध मला आत स्वयंपाकघरात ओतायला लावलं, म्हणजे बुचाचा आवाज याला येऊ नये. तेवढं त्यांनी या दिवसांत खाटेवर बसल्या बसल्या ध्यानात घेतलं होतं.

मग त्यांनी मला शिकवलं. दातांवर जायचं नाही. पोराच्या तोंडातसुद्धा गुटी मधोमध ओतत नाहीत, ठसका लागतो. गालाकडून सोडायची, थेंब थेंब, एक थेंब गिळला की दुसरा. त्यांनी बोंडल्याची चोच सशाच्या ओठाच्या कडेला लावली. पुढच्या दातांमागे तिथे नुसती रिकामी जागा असते, हे मला तेव्हा कळलं. ससा चुळबुळला, जबडा हलला, गळा वरखाली झाला. मग परत. सगळं औषध गेलं. एक थेंब बाहेर आला नाही. सासूबाई त्याला पायांवर तसंच हलवत बसल्या आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या, जे त्या माझा नवरा तान्हा असताना पुटपुटल्या असणार.

दुसऱ्या दिवशी त्याने कोथिंबिरीचं एक पान खाल्लं. एकच. मी ते बघायला नवऱ्याला झोपेतून उठवलं.

पुढच्या रविवारी सकाळचं औषध चाललं असताना काकू आल्या, साखर मागायला. सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या, ससा पदराखाली, हातात बोंडलं. काकूंनी साखरेची वाटी तशीच हातात ठेवून विचारलं, "अहो, हे तुम्ही नातवासाठी ठेवलेलं ना? त्यात जनावराचं तोंड लावलंत?" मी दारात उभी होते. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. सासूबाईंनी आधी उरलेले थेंब सोडले, ससा गिळतो का ते बघितलं, आणि मग त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोर इला तर धुवन घेवया. नाय इला तर नाय इला."

एवढंच. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. मग मला म्हणाल्या, काकूंना साखर दे. मी दिली. वाटी भरताना अर्धी साखर खाली सांडली. चार वर्षं त्यांच्या गप्प बसण्याचा मी काय काय अर्थ लावला होता, आणि त्या नुसत्या गप्प बसल्या होत्या. काकू गेल्यावर मी मोरीत जाऊन पाणी ओतत ओतत पोटभर रडले. थोड्या वेळाने सासूबाईंनी बाहेरून सांगितलं की पिंपात पाणी थोडंच आहे, नळ उद्या सकाळी येणार.

संध्याकाळच्या औषधाला मी नेहमीप्रमाणे ससा त्यांच्याकडे नेला. त्यांनी घेतला नाही. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता तू बस." मी बसले, पाय लांब केले. त्यांनी ससा माझ्या पायांवर ठेवला आणि बोंडलं माझ्या हातात दिलं. तो गरम होता आणि थोडा जड झाला होता. मी चोच गालाकडे लावली, पहिला थेंब सोडला आणि त्याचा गळा हलेपर्यंत श्वास रोखून थांबले.