ताईला झोप लागली तेव्हा

आधीच सांगते — भूत, करणी, 'बाहेरचं' यातलं मी काहीही मानत नाही. अमरावतीत अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते, चौकात भाषणं ठोकते. तरी हे लिहिते आहे, कारण लपवणं हाही खोटेपणाच.

माझी ताई अकोल्याला, जुन्या शहरात राहते. उन्हाळ्यापासून तिची झोप उडाली. बीपी वाढलं, हात थरथरायचे, चालता चालता छाती धरून बसायची. सासू म्हणाली, बाहेरचं आहे, बाबाकडे नेऊ. मी फोनवरच भडकले. जागून जागून माणसाचं शरीर मोडतं, ते अंगाऱ्याने सांधणार आहात? सरळ अकोला गाठलं आणि अमरावतीच्या डॉक्टरकडे न्यायला तिला भरदुपारी एसटीत बसवलं.

"मले झोपू देऊ नको वं. बोलत राय."

"काहून? तुले झोपच तर पायजे!"

तिने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. मूर्तिजापूर सुटलं आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. मला बरं वाटलं...

फाडकन आवाज आला. ताईचं तोंड फिरलं. गालावर चार बोटं उमटली — माझ्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या फटक्याला ओठ फुटला, रक्त माझ्या ओढणीवर. तिसरा पोटात. ती दुमडली, डोळे मात्र मिटलेलेच. समोर कुणी नाही!

पलीकडच्या सीटवरच्या मावशीने माझे केस धरले. "मारून राहिली काय वं तिले?"

"म्या नाई मारलं!"

"मंग काय हवेनं मारलं?" म्हणत मला एक ठेवून दिली.

त्या गोंधळात ताई जागी झाली. "सोडा, मावशी. तिनं नाई मारलं." मग माझ्याकडे वळून, "समजलं आता, काहून झोपत नाई?"

"भाऊजी...?"

"त्यायले कायले नाव ठेवतं? ते बिचारे मलम लावते."

डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि दम दिला — अशीच जागी राहिलीस तर लकवा मारेल. झोपेची गोळी लिहून दिली. ओठाबद्दल विचारलं तेव्हा ताई म्हणाली, बसमध्ये आपटला.

माझ्या खोलीवर आलो. गोळी तळहातावर धरून ताई म्हणाली, "जागली त लकवा, झोपली त मार. सांग आता, तूच भाषणं देतं."

"झोप तू," मी म्हटलं.

तिचा डोळा लागताच मी तिच्यावर पालथी पडले, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकलं. लाथा, बुक्के... सगळं माझ्या पाठीवर. "समोर ये नं, भेकडा!" मी ओरडले. खोली रिकामी. बरगडी कडकन वाजली. आणि खाली ताई चक्क घोरत होती.

एक्स-रेत बरगडी तडकलेली दिसते. कुणी तडकवली, मला माहीत नाही... अंदाजही नाही. आता भाऊजीही इथेच राहायला आलेत; ते आणि मी आलटून पालटून तिच्यावर पडतो. तिचं बीपी उतरलं आहे, हात थरथरत नाहीत.

उद्या माझा नंबर आहे.