डिकीत राहिलेली ओटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि वाईच्या स्टँडावर माझ्या शेजारी गाडी लावणाऱ्यांना तर नाहीच. तशी गोष्ट केवढीशी – कुणाचा जीव गेला नाही, कुणी तक्रार केली नाही. मग ती सांगायला मला आठ वर्षं का लागली?

वाईला दक्षिण काशी म्हणतात. येणाऱ्यांना मी एका दिवसात सगळं फिरवून आणतो. ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट आणि तिथली मोठी घंटा, धोमचा नृसिंह, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी, वेण्णा तलाव, आणि शेवटी क्षेत्र महाबळेश्वर – जिथं गोमुखातून कृष्णा निघते. वीस वर्षं हेच चाललंय. आम्हा ड्रायव्हर लोकांना एक वाक्य तोंडपाठ असतं: पुढं बंद आहे. कंटाळा आला की एखादं ठिकाण बंद होतं. पाहुणे दुसरीकडं फोटो काढतात, विसरतात. मीही हे कितीदा म्हटलं असेल...

अनुसयामावशी विसरणाऱ्यांतली नव्हती.

श्रावणातला रविवार होता. आठ वर्षं झाली. कवठे महांकाळकडची, साठी उलटलेली बाई, सोबत तिची जाऊ. मांडीवर कापडी पिशवी. मेणवलीला उतरली नाही, पाचगणीला उतरली नाही. जाऊ मागून चिडवत होती, "किस्नाबाई हिची सासू लागती जणू! लय घाई."

"सासूच हाय," मावशी म्हणाली. "दारात आली न्हवं ती माझ्या?"

तिच्या कोरड्या रानात कालव्यानं कृष्णेचं पाणी आलं होतं. नवऱ्यानं बोलून ठेवलं होतं – पाणी आलं की दोघं उगमाला जाऊन ओटी भरू. पाणी यायच्या आधीच तो गेला. त्या पाण्यावर पिकलेला पहिला गहू तिनं पिशवीत आणला होता. ओंजळभर. वर नारळ, हिरवा खण.

वेण्णा तलावापाशी गाड्यांची ही रांग. धुकं. क्षेत्र उरलं होतं पाच-सहा किलोमीटर. आणि मी म्हणालो, "मावशी, पुढं दरड आलीय. रस्ता बंद."

का म्हणालो? घरी कुणी आजारी नव्हतं, कुठं पोचायचं नव्हतं. रांगेत बसायचा कंटाळा आला होता. एवढंच.

ती खाली उतरली. धुक्यात डोंगर कुठं दिसतोय? तरी तिकडं तोंड करून तिनं हात जोडले. मग पिशवी माझ्या हातात दिली. "आवं दादा, तुमी तर न्हेमी जाता. रस्ता सुटला की माझ्या नावानं घाला तिच्या पदरात."

तेव्हा तरी बोलायचं होतं. अजून गाडी वळवली नव्हती – मी पिशवी डिकीत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात मी क्षेत्राला गेलो. त्याच्या पुढच्याही. पार्किंगमध्ये गाडी लावायची, पाहुणे देवळात जायचे, मी चहा प्यायचो. पिशवी आठवायची. पुढच्या खेपेला, म्हणायचो. एकदा घाटात काचेवर वाफ धरली, हाताला फडकं लागेना. मी पिशवीतून तो खण ओढला आणि काच पुसली. पिशवी तशीच उघडी राहिली. भाद्रपदात स्टेपनी काढायला डिकी उघडली तर चटईखाली हिरवं काहीतरी – सांडलेला गहू ओलीनं उगवला होता. बोटभर, पांढुरकी-हिरवी पाती. मी ती उपटली आणि रस्त्याकडेला टाकली. दसऱ्याला गाडीची पूजा केली. नारळ आणायचा राहिला होता, तर पिशवीतलाच फोडला. खोबरं गोड निघालं. मीही खाल्लं.

दिवाळीत तिचा फोन आला. "पोचली का वो ओटी?"

"पोचली," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण नाही. "गुरुजींनी तुमचं नाव घेतलं, मावशी. मालकांचंही घेतलं."

ती म्हणाली, "आता त्यांचं मन निवलं आसंल."

मला तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून दर श्रावणात ती फोन करते. गुडघे गेलेत, आता प्रवास होत नाही. "किस्नामाई बरी हाय न्हवं?" विचारते, आणि मी "बरी आहे" म्हणतो. पाऊस किती, धार किती, सांगतो. ती सगळं ऐकून घेते, मग माझ्या पोराबाळांची चौकशी करते. यंदाही केली.

खण अजून गाडीत आहे, धुऊन धुऊन विटलेला. बाजारातून नवा खण घेता येईल, नारळही. तो गहू कुठून आणू? मागायचा तर तिच्याकडूनच मागावा लागेल, आणि कशाला पाहिजे तेही सांगावं लागेल. आठ वर्षं मी तेवढंच टाळत आलोय.

अनुसयामावशीची ओटी कृष्णेला पोचलेली नाही. ती पोचवायची, आणि पोचली नव्हती हे तिला सांगायचं – ही दोन्ही कामं माझ्याकडून राहिलेली आहेत.