कार्ड करप्ट झालं नव्हतं

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली, आणि आई माझं इंग्रजीतलं काही वाचत नाही. तिला हे माहीत नाही, मैत्रिणींना नाही, ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, मराठीत, कारण इथे मला लपता येत नाही. नावं मात्र बदलली आहेत.

आधी अभिमानाचं सांगू? मी एक फिल्म केली. बावीस मिनिटांची, फोटो जोडून केलेली. रविवारी चर्च सुटल्यावर इथे आखातात, देरा भागातल्या एका खोलीत जमणाऱ्या सात-आठ बायकांवर. केनिया, युगांडा, नायजेरियाच्या. सगळ्या काळ्या, सगळ्या क्वीअर, आणि देवाला घट्ट धरून असलेल्या. चर्चमध्ये त्या मागच्या बाकावर गप्प बसायच्या. या खोलीत गायच्या. वॉचमनने विचारलं तर उत्तर हवं म्हणून दर रविवारी कुणाचा तरी वाढदिवस असायचा. खरा केक, खऱ्या मेणबत्त्या. खोली रूथची. ती सलूनमध्ये वेण्या घालायची. एका वर्षात ती चौदा वेळा तीस वर्षांची झाली.

आई विचारायची, “दर रविवारी कुणाचा गं वाढदिवस?” “ऑफिसमधल्या मुलीचा,” मी म्हणायचे. तेही खोटंच. पण ते मी मोजत नाही.

त्या सलूनच्या जाहिरातीचे फोटो काढायला गेले, तिथून ही ओळख झाली. माझे पहिले फोटो बघून मर्सी — रूथची जोडीदार, मॉलमध्ये सिक्युरिटीत होती — म्हणाली होती, “हबीबी, आम्हाला राख का फासलीस?” खरंच होतं. मला गोऱ्या कातडीवरच उजेड मोजायला शिकवलं होतं. मी पुन्हा शिकले, खिडकीला पिवळी चादर लावून, कित्येक रविवार. मग एकदा मर्सीने स्क्रीनवर आपली मान बघितली आणि काहीच बोलली नाही. त्या गप्प बसण्याचा मला आजही गर्व आहे.

नियमही माझाच होता. चेहरे नाहीत. हात, पाठी, डोक्यावरचे रुमाल. निघण्यापूर्वी प्रत्येकीने आपला फोटो बघायचा, आणि जी ‘खलास’ म्हणेल तिचा तिथेच पुसायचा. फोन दाराशी टोपलीत, बंद.

मग मर्सीचा व्हिसा संपला. जायच्या दिवशी दोघींनी एकच मागितलं — चेहऱ्यांसकट एक फोटो. फक्त त्यांच्यासाठी. सगळ्या जिला मामा, म्हणजे आई, म्हणायच्या त्या म्हाताऱ्या बाईने दोघींच्या डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना केली. कुठल्या कागदावर नसेल, पण ते लग्न होतं. मी एकदा क्लिक केलं.

मी लाजाळू आहे, कॅमेरा डोळ्याला लावत नाही. पोटाशी धरते, खाली स्क्रीनवर बघते. त्या क्षणी मात्र मी वर बघत होते. त्यांच्याकडे.

आणि त्यांच्या मागे कपाटाचा आरसा होता.

स्क्रीनवर माझा आख्खा चेहरा. कसा, ते कसं सांगू? जे आपल्याला हवंय ते दुसऱ्याला मिळताना बघणारा. मलाही मुली आवडतात. हे वाक्य मराठीत मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तो फोटो बघून कुणालाही कळलं असतं. मर्सीच्या फोनमध्ये तो राहणार, एअरपोर्टवर कुणी फोन उघडला तर? — असं सगळं एका सेकंदात मनात आलं. त्यांच्या काळजीने? नाही. माझ्या.

नियमाप्रमाणे मी म्हणू शकले असते, यात मी आहे, खलास. त्यांच्याइतकं कुणाला समजलं असतं? मामाने पुन्हा हात ठेवले असते, एका मिनिटाचं काम. पण ‘का’ ते सांगावं लागलं असतं. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मी म्हणाले, “कार्ड करप्ट झालं.”

रूथनेच मला जवळ घेतलं. “रडू नकोस. देवाने पाहिलंय ना.” मी तिला समजूत घालू दिली.

नंतर तरी? आरसा कापून फोटो द्यायला दहा सेकंद लागले असते. दोन वर्षांत दिला नाही, कारण दिला असता तर कार्ड ठीक होतं हे कळलं असतं. दरम्यान फिल्म परदेशात दोन शहरांत दाखवली, माझ्या नावाशिवाय. चेहरे किती काळजीने जपलेत, असं लोकांनी लिहून कळवलं. मी थँक यू लिहिलं.

रूथ कायमची परत निघाली त्या आठवड्यात मी सलूनमध्ये लॅपटॉप घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. तिच्या हातात कुणाची तरी अर्धी वेणी होती. तिने स्क्रीनवरचा फोटो बघितला.

“दोन वर्षं मी त्या दिवसाचा तिचा चेहरा आठवत बसले,” ती म्हणाली. “मर्सी तर आता फोटोचं विचारायचीही थांबली.” मग, “पाठव.” आणि उरलेली वेणी घालू लागली. परत माझ्याकडे पाहिलं नाही. मर्सीपर्यंत तो पोचला का, मला माहीत नाही.

मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. पाठवताना त्यातलं काही कापलं नाही. दोघी डोळे मिटून उभ्या आहेत, आणि मागे मी, डोळे उघडे.