नारायणभाऊंना पेलणारा घोडा

अमरावतीच्या कापूसबाजारात चार माणसं सावलीला टेकली की आधी भावाच्या गोष्टी होतात. त्या संपल्या की नारायणभाऊंच्या घोड्याच्या सुरू होतात, आणि त्या काही संपत नाहीत. मी भाऊंचा मापारी, काट्यावर कापूस तोलणारा. त्यामुळे यातल्या खऱ्या किती आणि जोडलेल्या किती, हे लोक मलाच विचारतात. मी खऱ्याच सांगतो. जोडायची गरज पडत नाही.

*

भाऊ पेढीचे दलाल. सगळी हयात दमणीत बसून, बैलांच्या चालीनं, गावोगाव कापूस घेण्यात गेली. मग तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. पुण्याकडून आलेला अनंतराव नावाचा तरणा दलाल काठेवाडी घोड्यावरून भाऊंच्या आधी गाव गाठू लागला. भाऊंची दमणी पोचेपर्यंत गावात मूठभर कापूस उरत नसे.

एक दिवस पेढीचे शेटजी म्हणाले, "भाऊ, यंदा अंजनगावकडच्या पाटलाचा कापूस हातचा गेला, तर तुमी पेढीवरच बसा. अनंतरावले आपल्याकडे घेऊन गावं त्यालेच देऊन टाकतो."

भाऊंचा सगळा जीव गावांत. दिवसभर तक्क्याला टेकून बसायचं म्हणजे त्यांना तुरुंगच. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत, यावरून काय ते समजा. जन्मात कधी घोड्याला हात न लावलेला हा माणूस पन्नाशीला घोडा शोधायला निघाला.

*

बार्शीटाकळीला सय्यदचाचा घोडे विकायचे. त्यांनी भाऊंकडं खालून वर पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

"घोड्याचं मले काय मालूम?" भाऊ म्हणाले.

"घोड्याचं नाही भाऊ, तुमचं."

आमचा काटा गाडीतच होता. झाडाला टांगला, एका पारड्यात भाऊ, दुसऱ्यात मापं. माझ्या हाताची सवय अशी, की कापूस तोलला की पोत्याचं वजन वजा करायचं. मी अंगरखा, पगडी आणि जोडे यांचं बारदान धरून आकडा खाली आणला. भाऊ खूश झाले.

चाचा शांतपणे म्हणाले, "अन् बारदान घोडा काय खुंटीले टांगून जाईन?"

त्यांनी घोडा दिला नाही. माझा जनावरावर जीव आहे, म्हणाले.

*

दुसरी घोडी अकोल्याच्या बाजारात घेतली. कशी भरलेली, टमटमीत! भाऊ ओला कापूस ओळखण्यात पटाईत. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला माल ते नुसता गाल लावून सांगत. त्यांनी घोडीच्या पोटालाही गाल लावून पाहिला आणि सौदा पक्का केला.

घोडी वाटेत दर कोसाला थांबायची आणि मोकळी व्हायची. मूर्तिजापूरपर्यंत खोगिराचा पट्टा इतका ढिला झाला, की खोगीर हळूहळू घोडीच्या पोटाखाली गेलं, आणि खोगिराबरोबर भाऊही. विकणाऱ्यानं तिला मीठ चारून वर पाणी पाजलं होतं.

मी म्हणालो, "भाऊ, पानी मारेल माल हाय."

भाऊ घोडीच्या खालूनच म्हणाले, "पण मी गाल लावून पाह्यला होता ना बे."

*

तिसरा घोडा लष्करी छावणीतून काढलेला. उंच, मजबूत, भाऊंना सहज पेलणारा. अडचण एकच. त्याच्यावर चढायला भाऊंना पायाखाली कापसाची गासडी लागे, आणि उतरायलाही. मग मी मागून दमणीत एक गासडी घेऊन चालायचो. घोड्याला दमणीसाठी थांबावं लागे. सगळा कारभार पुन्हा बैलांच्याच चालीवर आला.

एका गावात म्हातारीनं विचारलं, "भाऊ, तुमी कापूस घ्यायले आले का इकाले?"

घरी भाऊंची बायको, आमच्या काकू, मला म्हणाल्या, "यायच्यासाठी घोडा काहून पाह्यता? त्या घोड्यासाठीच दुसरा मानूस पाहा."

*

हंगाम संपत आला. पाटलाचा कापूस अजून घरातच होता, आणि अनंतराव पहाटेच तिकडं निघाल्याची बातमी आली. दमणीचं चाक मोडून आम्ही अंजनगावात अडकलेलो, आणि मागून गासडी आल्याशिवाय घोड्यावरून उतरायची सोय नव्हती. भाऊंचा चेहरा पाहवेना. तेव्हा भाजीवाल्या सरूबाईनं आपली घोडी पुढं केली. ठेंगणी, रुंद पाठीची, म्हातारी.

"इच्यावर कोहळ्याचे पोते जातात," ती म्हणाली. "वजनाची फिकर नोका करू. फक्त वर बसून बोलू नोका. दारात माह्यं बोलनं झालं का ते पुढच्या दारी चालाले लागते. तिले तेच ठाऊक हाय."

भाऊ दगडावर पाय ठेवून सहज चढले. जन्मभर बडबड करून पोट भरलेला माणूस ओठ घट्ट मिटून निघाला. मी मागून पायी. घोडी अशी चालत होती, की मला मधेमधे थांबावं लागे.

पोचलो तर अनंतराव ओट्यावर हात चोळत बसलेला. त्याचा घोडा अंगणात फेस गाळत होता. पाटलांनी तो घोडा पाहिला होता. एवढी दौड म्हणजे भाव चढला असणार, म्हणून त्यांनी कालच्या दीडपट भाव सांगितला होता आणि ते एक पैसा खाली यायला तयार नव्हते.

भाऊंची घोडी दारात येऊन उभी राहिली. उतरायला दगड हवा म्हणून मी तो शोधत फाटकापाशी मागं राहिलेलो. मी येऊन उतरवीपर्यंत बोलायची सोय नाही.

"राम राम भाऊ," पाटील म्हणाले. "आज लय हळू आले? काय म्हनते भाव?"

भाऊ गप्प.

"पडला काय?"

घोडीचे कान हलले. भाऊंनी भीतीनं तिची आयाळ धरली आणि डोळे मिटले.

पाटील ओट्यावरून उतरून जवळ आले. "लढाई मिटली काय तिकडची?"

भाऊंच्या कपाळावरून घाम ओघळला.

"अहो पाटील, असं काही झालेलं नाही," अनंतराव उठून म्हणाला. "मी कालचा भाव द्यायला आत्ताही तयार आहे."

"तुमी तं द्यालच. तुमाले बातमी लागाची हाय अजून, लागली का पलटान," पाटील म्हणाले. "हे आमचे जुने मानूस, देल्ला शब्द पाळनारे. यायले सांगाले जड जाऊन राहिलं." आणि घराकडं वळून त्यांनी पोरांना हाक मारली, "कापूस काढा रे बाहेर. कालच्या भावानं भाऊले मोजून द्या, त्यायनं तोंड उघडाच्या आंधी."