सलीमभाईंची छपाई

एका खोलीत तीच तीच माणसं वर्षानुवर्षं डबा खायला बसली की किस्से साठतातच. आमच्या तळेगावच्या लॅबचे तर इतके आहेत, की कुठून सुरू करू असं होतं. आम्ही मनगटावर चिकटवायचा पातळ, लवचिक पॅच बनवत होतो. घामातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, मोजणारा. कुलकर्णी मॅडमनी उमेदीची वर्षं त्यात घातली होती. लॅबला पैसे पुरवणाऱ्या कंपनीच्या साहेबांना पॅच चालताना दाखवता आला तर लॅब राहणार, नाहीतर कुलूप.

•

पॅचवरच्या चांदीच्या शाईच्या रेघा जाळीतून छापायच्या. आम्हा इंजिनियर लोकांना ते काही जमेना. मॅडमनी सरळ बाजारपेठेतल्या, लग्नपत्रिका छापणाऱ्या सलीमभाईंना गाठलं. पहिल्याच दिवशी रेघा अशा सुबक आल्या, की आम्ही बघतच राहिलो. पण तो पहिला पॅच काही केल्या चालेना. भिंगाखाली धरला, तर वर हळदकुंकू!

"पहिल्या कॉपीला लावावंच लागतं मॅडम, गिऱ्हाईक ऐकत नाही," सलीमभाई ओशाळून म्हणाले. "इतक्या वर्षांचा हात, आपोआप गेला."

•

भरपूर घाम हवा म्हणून भाजे गावच्या रामाआबांना पॅच लावून जवळच्या गडावर नेलं. आबा सत्तरीचे. वर पोचलो तरी पॅच कोरडा ठणठणीत. मी आणि मॅडम मात्र निथळत होतो.

"आबा, तुम्हाला घाम कसा नाही?"

"अजून चढलोच कुटं आपन?"

मॅडमनी तिथंच पायरीवर बसकण मारली आणि पॅच स्वतःच्या हाताला लावून घेतला.

•

पॅच लावलेल्या, नवलाख उंबरे गावच्या मंगलमावशी एका कंपनीत कामाला होत्या. त्यांचा ताणाचा आकडा कामाच्या दिवशी खाली आणि सुट्टीला वर. मला वाटलं मशीन उलटं वाचतंय. दोन दिवस वायरी तपासण्यात घालवले. शेवटी मावशींनाच विचारलं.

"सुट्टीला समदी घरी असत्यात न्हवं," त्या म्हणाल्या.

•

आता लॅबच्या जागेत कुणाचं तरी गोडाऊन आहे. लोणावळ्याला जाताना बस तिथूनच जाते. मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसतो. 

•

साहेब आले तेव्हा पॅच मॅडमच्याच मनगटावर होता. सलीमभाईंसकट आम्ही सगळे पॅचचा आकडा दाखवणारा स्क्रीन लावून तयार. साहेबांनी खुर्चीत बसतानाच सांगून टाकलं, की लॅब बंद करायचं वरती जवळजवळ ठरलंय.

"हरकत नाही, तुमचाही नाइलाज असेल," मॅडम हसून म्हणाल्या. त्यांनीच चहा मागवला, मुलं काय करतात विचारलं, लोणावळ्याच्या ट्रॅफिकवर बोलल्या. आवाजात जराही फरक नाही.

अर्ध्या तासाने साहेबांची नजर स्क्रीनवर गेली. ताणाची रेघ चढत चढत पार वरच्या कडेला टेकली होती.

"हे काय हो? पॅच खरंच चालतोय की काय?"

मॅडमनी झटकन बाही मनगटावर ओढली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सलीमभाई उठून स्क्रीनसमोर उभे राहिले.

"त्यात काही नाही साहेब," ते म्हणाले. "छपाई चुकलीय माझी."