भोंगा आणि शिट्टी

सत्तरच्या दशकात चिंचवडला एका कारखान्याशेजारी मुरमाचे मैदान होते. तिथे मुलींच्या कॉलेजांचे हॉकीचे सामने होत. मी शाळेत शिकवत होते. कॉलेजात असताना हॉकी खेळले होते आणि पंचाची परीक्षाही पास झाले होते. तरी स्पर्धेच्या समितीने उपांत्य सामना मला दिला तो 'बघू, जमतंय का' म्हणून. जमले तर अंतिम सामना, नाहीतर टेबलापाशी बसून गोल लिहायचे. तसे तोंडावर सांगितले होते.

मैदानाची एक रीत होती. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की कामगार सायकली घेऊन मैदानातून आडवे जायचे. रस्त्याने मोठा वळसा पडे. सराव करणाऱ्या तिथल्या कॉलेजच्या मुली तेवढा वेळ स्टिका टेकवून उभ्या राहत. त्यांतल्या कितीतरी जणींचे वडीलच सायकलींवर असत. सामन्याच्या दिवशी मात्र आम्ही कडेने दोरी बांधली होती.

उत्तरार्धात, एकही गोल झालेला नसताना, भोंगा झाला. यजमान मुलींनी सवयीने स्टिका टेकवल्या. गोलकीपर तर पॅडचा पट्टा आवळायला खाली वाकली. पुण्याच्या संघाला ही रीत ठाऊक नव्हती. त्यांची फॉरवर्ड गोलसमोरच्या 'डी'त शिरली आणि तिने चेंडू आत मारला.

मी आधी दोरीकडे पाहिले. सायकली सगळ्या बाहेर. मग गोल दिला.

यजमानांचे क्रीडाशिक्षक धावत आले. "अहो बाई, भोंगा झाला ना! इथं भोंग्याला खेळ थांबतो. कुणालाही विचारा."

"सराव थांबतो, सर. सामना शिट्टीला थांबतो आणि शिट्टी माझ्या हातात आहे."

नियमांच्या पुस्तकात भोंगा नव्हता. पण बाहेरचे कुणी मैदानात आले तर खेळ थांबवायचा, एवढे होते. आवाज म्हणजे काही माणूस नव्हे.

दोरीपलीकडून एका कामगाराने विचारले, "बाई, आमच्यापायी पोरींवर गोल झाला व्हय?"

"नाही. तुम्ही आत आला असता तर मीच खेळ थांबवला असता."

"आयला! मग शिरलो असतो की!"

सगळे हसले. क्रीडाशिक्षक सोडून. त्यांचा संघ त्याच गोलने हरला आणि ते तडक समितीकडे गेले. मी शिट्टी पर्समध्ये टाकली. टेबलापाशी बसायची मनाची तयारी केली होती.

दुसरे पंच लष्करातून निवृत्त झालेले, खडकीचे. समितीने त्यांना बोलावून विचारले. ते म्हणाले, "मैदानाचा तो अर्धा भाग बाईंचा होता. माझा असता तर मीही गोलच दिला असता. फक्त, दोरीकडे बघायचं मला सुचलं नसतं."

अंतिम सामना मला मिळाला.

हरलेल्या मुली तो बघायला आल्या आणि दोरीला खेटून वडीलमंडळींच्या सायकलींपुढे बसल्या. मध्येच भोंगा झाला. पुण्याविरुद्ध खेळणाऱ्या संघाची एक बचावपटू दचकून थबकली. तेवढ्यात दोरीपाशी त्या गोलकीपरचा खणखणीत आवाज आला, "ए बाई, थांबू नकोस! शिट्टी नाही झाली!"

प्रेक्षकांनी खेळाडूला सूचना देणे मला पसंत नाही. पण त्यासाठी शिट्टी वाजवायची नसते. खेळ चालू राहिला.